चावडीत हात वर झाले

आकाराम हवालदाराचा हात गावानं पोसला होता. एकाहत्तरची लढाई करून तो पेन्शनीत निघाला आणि तासगावकडच्या आपल्या गावी येऊन बसला. कुणाशी धड चार शब्द बोलायचा नाही, पण चावडीत ठरलं की दांडा घेऊन निघायचा. तिथली रीतच होती. चावडीत हात वर झाले की निवाडा झाला, आणि तो दिवस मावळायच्या आत हवालदारानं उरकायचा. पोरीची छेड काढणाऱ्याचे त्यानं दात पाडले होते, विहिरीवरचं इंजिन चोरणाऱ्याची बोटं दगडावर ठेचली होती. ज्यांना कोंबडं कापताना भोवळ यायची, तेच त्याला चहा पाजून म्हणायचे, "हवालदार, लय बेस केलं." असल्या गावाला नावं ठेवावीत तेवढी थोडीच.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात पिण्याच्या विहिरीनं तळ दाखवला. तेव्हाच पुण्याहून एक प्राध्यापकबाई आल्या. योग्य काय आणि अयोग्य काय, हे माणसं चारचौघांत बसून कसं ठरवतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी बाप्ये आणि बायका एकाच गोलात बसवल्या. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, कुणाचं नाव घ्यायचं नाही, शेवटी हात वर करून मत द्यायचं. मग त्यांनी स्वतः रचलेली गोष्ट सांगितली. "समजा, पिण्याचं पाणी संपत आलंय. एक माणूस ते चोरून आपल्या बैलांना पाजतो. गावानं काय करावं?"

बाईंना बिचाऱ्यांना काय ठाऊक, पण गावात हे खरंच चाललं होतं. विहिरीवर उमटलेले खूर कुणाच्या गोठ्याकडं जातात, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तो गोठा गुंडाचा, म्हणजे आकारामच्या थोरल्या बहिणीच्या, शालूबाईच्या नवऱ्याचा. हवालदाराच्या दाजीचं नाव घेऊन मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? आता बाईंनीच नाव न घेता बोलायची सोय करून दिली.

"मुकं जनावर तहानलंय, त्येनं काय पाप केलं?" मनुबाई म्हणाली.

"माजी नात चिखल गाळून पिती," हरणाबाई फिस्कारली, "आन् ह्यो बैल पाजतोय."

नानासो म्हातारा सावकाश बोलला, "पाय मोडा त्येचा. हिरीपातुर चालायलाच नगं."

एवढी मोकळी चर्चा कुठल्याच गावात झाली नव्हती, म्हणून बाई खूश होत्या. त्यांनी हात वर करायला सांगितलं. पाय मोडावा म्हणणारे हात भराभर वर झाले. गुंडाही गोलात होता. शेजारचे आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर त्यानंही हात वर केला.

बाईंनी आभार मानले, तरी कुणी उठेना. सगळे उंबऱ्यात उभ्या आकारामकडं बघत होते. ही नुसती गोष्ट होती, असं कुणीतरी म्हणेल म्हणून तो थांबला. कुणी म्हटलं नाही. त्यानं कोपऱ्यातला दांडा उचलला, तसा गुंडा पळत सुटला.

गोठ्याच्या दारात त्यानं गुंडाला गाठलं.

"आकारामा, बाईची गोष्ट व्हती रं ती."

"तुमीबी हात वर केलासा, दाजी."

पहिला घाव नडगीवर बसला. गुंडा गुरासारखा हंबरला, बैल दावी तोडायला लागले. दुसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज भिंतीपलीकडं गेला. कातडीतून पांढरं टोक बाहेर आलं तरी दांडा थांबला नाही. गाव कडेनं उभं राहून बघत होतं. बाई धावत मध्ये पडल्या, "अहो, तो नुसता प्रश्न होता!" नानासोनं त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं.

"तुमीच इचारलं, आमी सांगितलं," तो म्हणाला.

पाय सडला. मिरजेच्या दवाखान्यात तो गुडघ्यापासून कापला. गुंडाला घरी आणल्यावर आकाराम बहिणीच्या दारात गेला. शालूबाई चुलीपुढं बसली होती.

"गावानं ठरिवलं व्हतं, आक्का."

"गावाचं न्हाई इचारत. तुला काय वाटत व्हतं?"

आकारामला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मारू नये, आसं वाटत व्हतं."

शालूबाईनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. तो हलला नाही, तशी तिनं पुन्हा हाणलं.