काचेच्या काठावरचं चुंबक

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या कौमुदीनं झिंक ऑक्साइडचा पातळ थर काचेवर चढवला होता. केसाच्या जाडीपुढेही काहीच नाही, इतका पातळ. त्यात मँगनीज नावापुरतं. आणि तो थर साध्या खोलीतल्या तापमानालाही चुंबकासारखा वागत होता. नवा रायपूरमधल्या तिच्या संशोधन संस्थेत सगळे खूश होते. शर्मिष्ठा मॅडम तिच्या मार्गदर्शक. त्यांनी शोधनिबंध जवळजवळ लिहूनच काढला होता.

खूश नव्हती ती कौमुदी. आलेख जरा जास्तच देखणा होता.

तिनं तो थर, म्हणजे फिल्म, काचेसकट कापली आणि तुकडे वेगवेगळे मोजले. थर सगळीकडे सारखा, म्हणजे चुंबकत्वही सारखंच हवं. पण काठाचे तुकडे जोरात आणि मधला तुकडा अगदी मुका. काठाला असं काय होतं, जे मध्ये नव्हतं? ती विचार करत राहिली, आणि हातातल्या स्टीलच्या चिमट्याकडे तिची नजर गेली. काच उचलायची ती काठालाच धरून.

थर न दिलेली कोरी काच तिनं त्याच चिमट्यानं धरली आणि चुंबकत्व मोजायच्या यंत्रात ठेवली. तीही चुंबक निघाली! दुसरी कोरी काच प्लॅस्टिकच्या चिमट्यानं उचलली. यंत्र गप्प.

घरी ताटावर बसून ती पोळीचे नुसते तुकडे करत राहिली.

"काहून जेवून नाही राहिली?" बाबारावांनी विचारलं. रेल्वेतून निवृत्त झालेला बाप, त्याला पोरीचा चेहरा वाचता येई.

"बाबा, माझं चुंबक खोटं निघालं. चिमट्याचं लोखंड लागत होतं काचेला."

"म्हणजे इतकी वर्षं?"

"हव. गेली."

बाबारावांनी तिच्या ताटात भात वाढला.

सकाळी तिनं मॅडमसमोर कोऱ्या काचांचे दोन्ही आलेख ठेवले. त्यांनी ते एकावर एक धरून पाहिले.

"कौमुदी, हे कोणाला कळलंही नसतं."

"मले कळलं न, मॅडम."

मॅडमचा चेहरा पडला. पण त्यांनी निबंध थांबवला आणि तो जिथं वाचला जाणार होता त्या परिषदेला तसं कळवूनही टाकलं. बरोबरीची मुलं पीएचडी होऊन नोकऱ्यांना लागली. कौमुदी मात्र पुन्हा काच धुण्यापासून सुरुवात करत होती. नातेवाईक विचारत, "अजून शिकूनच राहिली का?" ती हसून चहा पुढे करी.

चुंबक कसं फसवतं, यावर तिनं एक छोटा निबंध लिहिला. त्यानंतर तिनं लोहऑक्साइडच्या नॅनोकणांची विरळ फिल्म बनवली. तिचं चुंबकत्व आधीच्या मानानं अगदी क्षीण, पण तुकडा कुठलाही कापा, सारखंच. या वेळी मॅडमनी स्वतः काच कापली, स्वतः मोजली, पुन्हा मोजली. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या,

"आता लिही. आणि तुझं नाव माझ्या आधी टाक."