मधुमतीचं नाक

इंग्लंडात स्लाऊमधल्या आमच्या मराठी बायका दहा दुकानं पालथी घालतील, पण भाजणी घेणार ती मधुमतीकडूनच. पोहे, पापड, कोकम आता मोठ्या सुपरमार्केटात मिळतात, त्यामुळे तिचं बाकीचं गिऱ्हाईक कधीच तुटलं. भाजणी तेवढी तिथे मिळत नाही. धान्य भाजताना मधुमती नुसत्या वासावर सांगायची, आता उतरवा. तिच्या नाकावर ते दुकान चाललं होतं.

उन्हाळ्यात तिला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. नवरा अजय वेअरहाऊसमध्ये कामाला, त्यामुळे दुकान आलं चौदा वर्षांच्या वरदाच्या गळ्यात. शाळेतून आली की युनिफॉर्मवरच शटर उघडायची, मागे किचनमध्ये धान्य भाजायची आणि वाटीभर घेऊन दुकानाच्या वर घरात आईकडे जायची. आईने वास घेऊन डावा हात हलवला की झालं.

मला पोरीचं कौतुक होतं आणि तिच्या बापाचा राग. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर बंद करू, असं तो तिच्यासमोरच बोलून गेला होता. दुकान बंद झालं तर आई परत उठायचीच नाही, हे वरदाने डोक्यात घेतलं होतं.

नवरात्राच्या आदल्या दिवशी मी दुकानात होते. उपासाची भाजणी चालली होती. वरदा वाटी घेऊन वर गेली आणि हसत खाली आली. आईने हात हलवला, असं म्हणाली. मी दोन पाकिटं घेतली.

घटस्थापनेला थालीपिठाचा पहिला घास तोंडात घातला आणि धण्याची चव लागली. उपासाला धणे! माझा तर संताप झाला. पोरीने रोजच्या भाजणीच्या सवयीने मूठभर टाकले होते. इथे जन्मलेल्या मुलीला उपासाला काय चालतं, काय नाही, हे कोण सांगणार? आमच्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोंबाबोंब झाली. संध्याकाळी मी दुकानात गेले तेव्हा काउंटरवर परत आलेल्या पाकिटांचा ढीग पडला. ग्रुपमधल्या शशीताईंनी तर सगळ्यांसमोर विचारलं, मधुमतीला आता वासही कळत नाही का?

वरदाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी आईला दाखवलंच नव्हतं," ती म्हणाली. "माझी मिस्टेक आहे. सॉरी."

तिने दाखवलं होतं. वाटी वर नेताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण त्या दिवशी मी गप्प राहिले.

दसऱ्यानंतर गेले तर दुकानात चिटपाखरू नव्हतं. मागे चकलीच्या भाजणीची डाळ भाजून झाली होती. वरदा वाटी घेऊन वर गेली. खाली आली ती सरळ माझ्याकडे, आणि वाटी माझ्या नाकापुढे धरली.

"नंदाकाकू, तुम्ही स्मेल करा ना. आईला काहीच स्मेल येत नाही. स्ट्रोकपासूनच येत नसणार. ती मला बरं वाटावं म्हणून हात हलवते."

"मग वर कशाला नेतेस गं?"

"नाही नेलं तर तिला कळेल ना, की मला कळलंय."

मी वाटी हातात घेऊन वास घेतला. डाळ करपली होती. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली, डाळ कचऱ्याच्या बिनमध्ये ओतली आणि पुन्हा गॅस पेटवला.