मामाचा हात

आमच्या सिंदेवाहीकडच्या तलावावर केवळरामसारखं जाळं टाकणारा दुसरा नाही. पण मधली काही वर्षं तो स्वतःच्या लेकीच्या, डिंपलच्या तोंडातही आपल्या हातानं घास घालत नसे. त्यामागचं कारण सांगताना माझं डोकं अजून फिरतं.

त्याची बहीण गिरजा गोंडपिपरीकडे दिलेली. तिच्या मिथुनच्या उष्टावणाला रीतीप्रमाणे मामानं खीर चारली. पुढच्या महिन्याभरात ते गुटगुटीत पोर पांढरंफटक पडलं, पोट फुगलं. सासूनं निकाल देऊन टाकला, मामाचा हात लागला! असल्या शहाणपणाला आमच्याकडे तोटा नाही. पोराला दर महिन्याला रक्त चढवावं लागलं आणि केवळरामला ते दार बंद झालं. हळूहळू त्यालाही ते खरंच वाटू लागलं.

यंदा गिरजाचा नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेला, म्हणून रक्ताच्या फेरीला भाऊ सोबत गडचिरोलीला गेला. तिथं त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलंच, "म्याडम, माह्या हातानं झालं काय जी?"

"नाही हो. पोटात असताना बाळाचं रक्त वेगळ्या जनुकावर बनतं. जन्मानंतर पेशी ते हळूहळू बंद करतात आणि दुसरं जनुक चालू करतात. उष्टावणाच्या सुमारासच ही अदलाबदल होते. त्या नव्या जनुकाची पेशी नक्कल काढते, नको तो भाग कापते, उरलेला जोडते. मिथुनच्या पेशीत कापायची जागाच चुकते, म्हणून त्याचं रक्त नीट बनत नाही."

"मासा चिरताना पित्त फुटल्यावानी?"

"तसंच. ही चूक आई आणि बाप, दोघांकडून आली. खीर चारली नसती तरी हेच झालं असतं."

केवळराम तिथंच ढसाढसा रडला. सुटलो म्हणाला.

बसस्टँडवर गिरजानं त्याचा हात धरला. "भाऊ, घरी हे सांगू नको."

"काऊन? नाव तं माहं खराब होऊन राह्यलं."

"बापाकडूनबी आलं हे कोनी आयकनार नाई. मलेच धरतीन, हाकलून देतीन. मंग याले रक्ताले कोन नेईन?"

घरी पोचले तं सासू अंगणातच उभी होती. "काय म्हने डाक्टर?"

केवळराम फाटकाबाहेर थांबला. गिरजाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"तुमी म्हनता तेच जी, बाई. माहाच हात लागला."

म्हातारीनं त्याच्या कडेवरून पोर हिसकून घेतलं.