म्हातारा सेन्सर

कॅमेरा घेऊन येणाऱ्या दहांतल्या नऊ गिऱ्हाइकांना भिंगवाली मनातल्या मनात गाढव म्हणायची, दहाव्याला तोंडावर. वडिलांच्या हाताखाली ती दुरुस्ती शिकली आणि ते गेल्यावर जिन्याखालच्या त्याच खोलीत वीस वर्षं बसली. लोक पाडलेले, भिजवलेले कॅमेरे आणायचे आणि वर म्हणायचे, "आपोआप बिघडला हो!"

पण तिच्या तिरस्काराचा पहिला मानकरी घरातलाच होता. थोरल्या बहिणीचा नवरा, फोटो स्टुडिओचा मालक. गळ्यात रुमाल, तोंडी सदा 'माझी कला', आणि लेन्स पुसायला शर्टाचं टोक.

एका सकाळी हे भावजी बायकोसह आले आणि अकरा वर्षांचा कॅमेरा टेबलावर आदळून म्हणाले, "सेन्सर म्हातारा झालाय. फोटो धुरकट येतात. नवा घेतोच आहे, पण दोष कॅमेऱ्याचा होता असं लिहून दे. गिऱ्हाइकांना दाखवायला."

"सेन्सर म्हणजे काय दूध आहे, ठेवल्या ठेवल्या नासायला?"

तिने कॅमेरा उघडला. चित्र टिपणाऱ्या त्या सेन्सरवर धूळ होती आणि अकरा वर्षांत त्याच्या लाखो ठिपक्यांपैकी पाच-सात मेले होते, बस्स. लेन्सची मात्र दैना. वर चरे, आत दमट कपाटाने दिलेली बुरशी.

"बघ! लेन्सच खराब," भावजींना हुरूप आला.

"थांबा." तिने धूळ काढली, स्वतःची लेन्स लावली, कॅमेरा स्टँडवर चढवला आणि भिंतीवरच्या छापील कागदाचा फोटो घेतला. अक्षर न् अक्षर कोरल्यासारखं आलं. "आता तुम्ही काढा."

भावजींनी ऑटोफोकस बंद केला. तो म्हणे नवशिक्यांसाठी. डोळा बारीक करून हाताने फोकस केला, बटण दाबलं. अक्षरांची नुसती खिचडी.

"कॅमेरा तोच, लेन्स तीच, कागद तोच," भिंगवाली म्हणाली. "मग म्हातारं काय झालं, भावजी?"

ताई हळूच बोलली, "चार वर्षं सांगतेय, डोळे तपासून घ्या. चष्मा कलाकाराला शोभत नाही म्हणतात."

"स्क्रू पिळणाऱ्यांनी मला कला शिकवू नये!" भावजी तरातरा निघून गेले.

भिंगवालीला गुदगुल्या झाल्या. मग खाली मान घालून बसलेल्या ताईकडे लक्ष गेलं आणि क्षणभर तिला स्वतःचीही किळस आली. नवऱ्याचा पाणउतारा बायकोसमोरच करायची एवढी हौस!

"हा आता धूळ खात पडणार," ताईने कॅमेरा उचलला. "मला शिकवशील?"

भिंगवालीने लेन्स साफ करून दिली आणि महिनाभर ताईला शिकवलं. ओळखपत्रांचे फोटो ताई काढू लागली आणि लोक तिचंच नाव विचारत येऊ लागले. भावजींचा नवा कॅमेराही धुरकटच फोटो देई. शेवटी त्यांनी चष्मा लावला, "कॉम्प्युटरच्या कामापुरता" अशी मखलाशी करून.

एकदा भिंगवाली स्टुडिओत गेली, तर भावजी गिऱ्हाइकाला सांगत होते, "हिला मीच तयार केली."

भिंगवालीने तोंड उघडलं. ताईने डोळ्यांनीच तिला गप्प केलं आणि गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाली, "हनुवटी जरा वर. हां, अशीच."