पुराच्या पाण्यातली ओटी

माझं माहेर औंधकडचं, तिथं आम्ही पाण्यासाठी आभाळाकडं बघत बसायचो. लग्न करून आष्ट्याच्या पुढं नदीकाठच्या गावात आले आणि आता पाण्याच्याच धास्तीनं माझी झोप उडालीय. ऑगस्ट लागला की मी सारखी घाटावर चक्कर मारते, मोबाइलवर धरणाचा विसर्ग बघते, छातीत धडधडत राहतं. बीपीची गोळी सुरू झालीय. हवामान बदललंय, असं मी घरात सांगत सुटते आणि सगळे हसतात.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, असलं काही होत नाही. पाणी घाटावर चढलं की त्यांच्या लेखी कृष्णामाई माहेरपणाला आली. खण, नारळ, तांदूळ घेऊन अनवाणी पाण्यात उतरायचं आणि तिची ओटी भरायची. मागच्या पुरात त्या अशाच उतरल्या. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले. पत्रा लागलेला कळलाच नाही. घरी आल्यावर फरशीवर रक्त दिसलं. जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. पुन्हा असं झालं तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं.

यंदा पाणी पुन्हा चढलं आणि आत्यांनी ताट भरायला घेतलं. माझं डोकंच फिरलं.

"आवं आत्या, त्या पाण्यात गटार हाय, मेलेली जनावरं हायत. मी भरते ओटी. न्हाईतर गमबूट तरी घाला."

"माईम्होरं बूट घालून जाऊ व्हय?"

"माई आता पैल्यासारखी ऱ्हायली न्हाई."

"मला का कळत न्हाई?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पैलं गाळ ठिवून जायची, आता घाण ठिवून जाती. तिलाबी बरं न्हाई गं. आजारी माणसाला भेटाय जायाचं न्हाई व्हय?"

इतकी वर्षं मला वाटायचं, यांना काही दिसतच नाही. रागही आला आणि रडूही. हट्टापुढं इलाज नव्हता. मी चपला काढल्या आणि त्यांच्या पुढं पाण्यात शिरले, पायानं तळ चाचपत. "माझं पाऊल पडंल तितंच पाय टाका," म्हटलं. एकदा काहीतरी टोचलं, ती फांदी निघाली. तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

आत्यांनी ओटी सोडली, हात जोडले. पाणी गुडघ्याला लागलं होतं, माझे पाय काकडले होते. त्यांनी वाकून खाली बघितलं आणि मला विचारलं, "पाणी गार हाय का गं?"

"हाय आत्या," मी म्हणाले, "लय गार हाय."