दिनूभाऊचं घर निघालं वडनेरला

किस्से गोळा करायला गावोगाव हिंडावं लागतं असं काही लोकांना वाटतं. काही गरज नाही. एकच माणूस नीट निवडावा, त्याच्याशी मैत्री टिकवावी आणि रोज सकाळी त्याच्यासमोर बसून चहा प्यावा. बाकीचं तो करतो.

आमचा माणूस म्हणजे दिनूभाऊ. आर्वीत त्याचं बी-बियाणं, खतांचं दुकान आहे. माझं टायरचं. आणि आमच्यात तिसरे वामनमामा, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. बाजार समितीच्या गेटसमोरच्या चहाच्या ठेल्यावर आम्ही बसतो. माझ्या सांगण्यातून पाव हिस्सा वजा करून ऐकावं असं मामा लोकांना सांगतात. पण दिनूभाऊच्या बाबतीत वजाबाकी करू नका. त्याचं मीच थोडं कमी करून सांगतो.

*

एक दिवस दिनूभाऊनं मोबाइल आमच्या नाकासमोर धरला. व्हिडिओत एक गोरा माणूस पिकअपच्या मागं अख्खं घर जोडून चालला होता. घरात पलंग, गॅस, संडास, सगळं. पुढच्या सीनमध्ये त्याची बायको समुद्राकाठी खुर्ची टाकून कॉफी पीत होती.

ही कॉफी दिनूभाऊला झोंबली. कारण लग्नात त्यानं लतावहिनींना समुद्र दाखवायचा शब्द दिला होता. मग दरवर्षी ‘हंगाम निपटू दे’ म्हणता म्हणता मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, वहिनींच्या गुडघ्याला पट्टा आला. फिरणं म्हणून त्यांनी गाव पाहिलं ते एकच, वडनेर. तेही का, तर ते त्यांचं माहेर.

"औंदा पक्कं," दिनूभाऊ घरी आमच्यासमोर वहिनींना म्हणाला. "घरासकट नेतो तुले समुद्रावर."

"मले घर नको," वहिनी म्हणाल्या. "घरातच तं आहो मी इतके दिवस. मले समुद्र दाखवा."

ते वाक्य दिनूभाऊनं ऐकलं नाही. तो तेव्हा आम्हाला पिकअप समजावून सांगत होता. "तो गोरा म्हणते हाफ टन पिकअप. आपलीही अर्ध्या टनाचीच आहे. त्याची ओढते तं आपली काऊन नाई ओढणार?"

मामांनी शांतपणे तंबाखू मळली. "त्याहीचा अर्धा टन नुसता म्हणायचा असते, दिनू. अंगात हत्ती असते. आपली नावानं अर्धा टन, अंगानंही अर्धा टन, अन् चढावर पाव."

"जळून राह्यले तुमी."

जळायला आम्हाला काय झालं होतं? आम्ही फक्त वाट पाहत होतो.

*

घर बांधायला दिलं ते ट्रॉलीवाल्या मिस्त्रीकडे. त्यानं आयुष्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सोडून दुसरं काही केलेलं नाही. त्यानंही ट्रॉलीच केली, फक्त वर छप्पर घातलं. हाताच्या सवयीनं मागं पाडायचा फाळकाही लावला. म्हणजे स्वयंपाकघराची मागची भिंत दोन खिट्ट्या काढल्या की धाडकन खाली.

नकाशा मात्र दिनूभाऊचा स्वतःचा. "समोर बैठक, मधात निजायची खोली, मागं सयपाकघर. आमच्या आजापासून घर असंच असते."

म्हणून गॅसचं सिलिंडर, फ्रिज, पाण्याची टाकी, पाटा-वरवंटा, तेलाचे डबे, सगळं जड ते मागं. समोर बैठकीत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक कॅलेंडर.

आता वास्तू म्हटली की वास्तुपूजा आली. पिकअपच्या चाकांखाली लिंबं ठेवली, घराच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. दूध उतू घालायला वहिनी मागं स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्यामागं स्वयंपाकघर पाहायला मोहल्ल्यातल्या साऱ्या बाया गेल्या.

बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की जू वर उचलतं, त्याला आपण गाडी उलार झाली म्हणतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दिनूभाऊचं घर तसंच उलार झालं. मागचा भाग जमिनीला टेकला, समोरचा वर गेला आणि त्यानं पिकअपचं बूड उचललं. मागची दोन्ही चाकं हवेत! दिनूभाऊ फोटोसाठी स्टिअरिंगवर बसला होता. तो नाकासमोर रस्ता पाहत ओणवा झाला.

"बायाहो, बैठकीत या," तो आतून ओरडत होता. "सगळ्या बैठकीत या."

बाया बैठकीत आल्या, चाकं जमिनीवर आली. चहा घ्यायला बाया मागं गेल्या, चाकं पुन्हा वर.

"हे घर नाई बांधलं," मामा म्हणाले. "तागडी बांधली."

स्वयंपाकघर पुढं घ्या, असं मी सुचवलं. दिनूभाऊनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी संडास देवघरात घ्या म्हटलं. "सयपाकघर कधी समोर असते का? पाव्हणे काय म्हणतीन?"

मग त्यानं वजन साधायला बैठकीत सरकीच्या ढेपेची पोती रचली. पाहुण्यांसाठी समोर ठेवलेल्या बैठकीत पाहुण्यांना पाय ठेवायला जागा उरली नाही.

*

सरळ रस्त्यावर कुणालाही घर ओढता येतं. खरी परीक्षा मागं घेताना.

मागं जोडलेली ट्रॉली रिव्हर्समध्ये उलटी वागते. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ती उजवीकडे जाते. दिनूभाऊनं हे प्रथम बाजार समितीच्या गेटमध्ये शिकायला घेतलं, तेही सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागलेली असताना. लोकांनी मदत केली. एकजण "येऊ द्या, येऊ द्या" करत होता, दुसरा "काटा, काटा" म्हणत स्टिअरिंग फिरवायला लावत होता, आणि दोघं वेगवेगळ्या दिशांना उभे होते. घर गेटमध्ये आडवं झालं. आतले आत, बाहेरचे बाहेर.

"सरक," मामा म्हणाले. "मी जिंदगीभर एसटी चालवली."

मामांनी पाच मिनिटांत घर दुसऱ्या बाजूनं आडवं केलं. खाली उतरले, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "एसटीच्या मागं काही नसते."

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. पिकअप आणि घर यांचं नातं एका पिनचं होतं. अंगठ्याएवढी जाड लोखंडी पिन, वर धरायला कडी. मिस्त्रीनं ट्रॉलीचा समोरचा टेकूचा पाय खाली सोडला, पिकअप बोटभर मागं घ्यायला लावली, कडीत बोट घालून पिन उपसली. घर सुटं झालं. हमालांनी ते हातानं ढकलत नेलं. लतावहिनी दूध घेऊन घरी निघाल्या होत्या, त्या बाजूला उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या.

त्यानंतर दिनूभाऊनं रिव्हर्स गिअर सोडून दिला. एकदा पेट्रोल पंपाचं वळण चुकलं तर मागं घेण्यापेक्षा तो वर्ध्याच्या रस्त्यानं थेट आंजीपर्यंत गेला. तिथं एका चहावाल्यासमोर मोठं मोकळं मैदान आहे, त्यात गोल फिरवून परत आला. तेव्हापासून आंजीचा चहा त्याचा ठरलेला मुक्काम. चहा तिथं भिकार आहे, पण मैदान मोठं आहे.

*

घर पिकअपपेक्षा रुंद. दोन्ही आरशांत फक्त निळा पत्रा दिसायचा. आरसे लांब करून घे, असं मी म्हटलं.

"मागं पाहून काय करू? मागं माझंच घर आहे," दिनूभाऊ म्हणाला, आणि तिन्ही आरसे त्यानं आत वळवून घेतले. आता एकात डावी मिशी दिसायची, दुसऱ्यात उजवी, आणि मधल्यात पूर्ण दिनूभाऊ.

ढेप भरूनही घर हलायचं ते हलायचंच. वहिनी एकदा आत बसून आर्वीला चक्कर मारून आल्या. निघताना त्यांनी फ्रिजमध्ये दही ठेवलं होतं. परत आल्यावर त्यातून लोणी काढलं. हे मी स्वतः पोळीला लावून खाल्लं आहे, त्यामुळे पाव हिस्सा वजा करायचं काम नाही.

"चालत्या घरात बाईले बसवू नये, कायदा नाई तसा," मामा दिनूभाऊला म्हणाले.

"तुमच्या एसटीत बाया टपावर बसत होत्या का?"

कायद्याचं निघालं म्हणून सांगतो. एका चौकात पोलिसानं अडवलं. "याचा नंबर कुठाय?"

दिनूभाऊनं अभिमानानं दाराकडे बोट दाखवलं. दारावर नगर परिषदेनं त्याच्या राहत्या घराला दिलेला घर क्रमांक रंगवला होता. "टॅक्स भरलेला आहे," तो म्हणाला.

पोलिसानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि सोडून दिलं. इतका थकलेला पोलीस मी आधी पाहिला नव्हता.

*

घर तयार, हंगाम निपटला, वहिनींनी बॅग भरली. दिनूभाऊ ठेल्यावर येऊन म्हणाला, "परवा निघतो."

"समुद्रावर?"

"आधी वडनेरले. साळ्याहीले दाखवून येतो. मांग त्याहीनं लग्नात माह्या स्कूटरले हासलं होतं."

संध्याकाळी वहिनी माझ्या दुकानासमोरून जात होत्या. मी विचारलं, "वहिनी, समुद्राचं काय झालं?"

"वडनेरात असनच एखांदा," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

*

निघालो. केबिनमध्ये दिनूभाऊ, मामा आणि मी. वहिनी घरात. "मी मागंच बसतो, गुडघा सरळ राह्यते," त्या म्हणाल्या.

आंजीला नेहमीच्या मैदानात गाडी लावली. भिकार चहा प्यालो. दिनूभाऊ चहावाल्याला पिकअपचं इंजिन समजावून सांगत होता. मग केबिनमध्ये चढलो. दिनूभाऊनं मागं ओरडून विचारलं, "लता, बसली का?"

"बसली. चाला तुमी."

पिकअप जी निघाली ती काय निघाली! एका दमात टॉप गिअर.

"पाह्यलं?" दिनूभाऊ म्हणाला. "इंजिन खुललं. ऑइल बदलल्याचा गुण."

मी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता लांबपर्यंत छान मोकळा दिसत होता. मी पुन्हा समोर पाहिलं. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मामांनीही मागं पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.

दिनूभाऊनं स्पीकरवर फोन लावला. "लता, कशी वाटून राह्यली गाडी?"

"मस्त. इतकी मस्त तं कधीच नाई चालली. ग्लासातलं पाणी बी हालत नाई."

"आयका," दिनूभाऊ आम्हाला म्हणाला. "डब्बा हालते म्हणत होते."

"आता नाई हालत," मामा म्हणाले.

वर्ध्यात साळ्यांसाठी पेढे घ्यायला त्यानं मला उतरवलं, स्वतः काही खाली उतरला नाही. मी चांगला वेळ घेतला. पेढे चाखून घ्यावे लागतात. हिंगणघाटजवळ त्यानं पुन्हा फोन लावला.

"लता, हिंगणघाट येऊन राह्यलं. मागं कायचा आवाज आहे?"

"चायवाले ओरडून राह्यले खिडकीपाशी. लई हवा येऊन राह्यली, अहो. लई बरं वाटून राह्यलं."

"हिंगणघाटले गर्दीच असते," दिनूभाऊनं आम्हाला समजावलं.

वडनेरात साळ्यांच्या दारासमोर पन्नासेक माणसं जमली होती. ओवाळायला ताट तयार. दिनूभाऊनं गाडी थांबवली, काळा चष्मा घातला, खाली उतरला आणि मागं न पाहता हात मागं फिरवला.

"पाहा. घर आणलं."

साऱ्यांनी वाकून पिकअपच्या मागं पाहिलं. ताटातला दिवा फडफडत होता. शेवटी मोठा साळा पुढं आला.

"जवाईबापू, घराचं राहू द्या. आमची बहीण कुठं आहे?"

*

घर आंजीच्या मैदानातच सापडलं. पाय खाली सोडलेला, दाराला कुलूप, खिडकीतून दिसणारा पाण्याचा ग्लास जागच्या जागी. त्याच्या पुढच्या दिवशी दिनूभाऊच्या मोबाइलवर फोटो आला. लाटांमध्ये दोन पाय, आणि पट्टा गुडघ्याला नाही, हातात धरलेला.

दिनूभाऊनं सगळा राग मिस्त्रीवर काढला. "पिन झिजकी लावली तुनं. रस्त्यात पडली कुठंतरी." आंजी ते वर्धा तो दोन वेळा खाली पाहत जाऊन आला. पिन सापडली नाही. मिस्त्रीनं मुकाट्यानं नवी करून दिली.

वहिनी परत आल्यावर आम्हाला चहाला बोलावलं. वहिनींचा चेहरा उजळला होता. स्वयंपाकघरातून ठक ठक आवाज येत होता. मी पाणी मागायला आत डोकावलो. वहिनी खलात अद्रक कुटत होत्या. हातात लोखंडी काहीतरी होतं, अंगठ्याएवढं जाड, वर कडी.

मी पाणी न घेताच परत येऊन बसलो. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे.

चहा आला. दिनूभाऊनं मोठा घोट घेतला. "आज चहा मस्त झाला."

"हो," मामा म्हणाले. "अद्रक बरोबर कुटलं आहे."