पाच हंड्यांचं पाणी

इथे भुतांचे अनुभव लिहिणारा प्रत्येक जण आधी शपथ घेतो की त्याचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. माझा आजही नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे, मुलुंडला वाढले, आमच्या घरात साधी दृष्टही कुणी काढत नाही. तरीही हे लिहितेय, कारण तीन वर्षं झाली आणि माझा राग काही केल्या जात नाहीये.

फायनल इयरला मी प्रोजेक्ट एकटीने केला. आमच्याकडे चौघांचा ग्रुप असतो. थर्ड इयरला तिघांचं काम मी ओढलं होतं आणि मार्क चौघांना सारखे! त्यामुळे हेडना अर्ज देऊन, भांडून, एकटीची परवानगी मिळवली. वर्गातले अर्धे जण स्टेशनजवळच्या दुकानातून रेडीमेड प्रोजेक्ट उचलत होते, वायरींसकट. मला मात्र माझ्या हाताने केलेलं, खऱ्या जागी चालणारं काहीतरी हवं होतं.

ती जागा मिळाली अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूच्या एका जुन्या गावठाणात. आईच्या ऑफिसातून रिटायर झालेली रोझी आंटी तिथे एकटी राहते. मराठी बोलणारं ख्रिश्चन घर, बैठं, कौलारू, आणि मागच्या अंगणात सहा फूट व्यासाची विहीर. डासांमुळे पालिकेच्या माणसांनी विहिरीवर बारीक जाळी वेल्ड करून घेतलेली. रहाट कधीच काढलेला, मोटर नाही. बोटसुद्धा आत जात नाही. एका कोपऱ्यात जाळी जेमतेम वाकवून मी वायरीला लावलेला छोटा प्रेशर सेन्सर पाण्यात बुडवला. दर मिनिटाला पाण्याची पातळी माझ्या वेबपेजवर यायची. ते पेज आंटीच्याही फोनवर लावून दिलं होतं. तिला ते भलतंच आवडलं. "माझ्या विहिरीचा ईसीजी गो," म्हणायची.

जानेवारीत एका शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला रेघ एकदम पायरीसारखी खाली आली. सहा मिलिमीटर. दोन मिनिटांनी पुन्हा सहा. अशा पाच पायऱ्या. हिशेब केला तर प्रत्येक पायरी म्हणजे पंधरा लिटर पाणी. एक हंडा!

मी आंटीला फोन लावला. "कुणी पाणी काढलं का?"

"कशातून काढणार? जाळी आहे ना!" मग हळूच म्हणाली, "किती वेळा उतरलं? पाच?"

तेव्हा तिने सांगितलं. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरा-नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. त्यांच्या गावठाणात पाच हंडे, याच विहिरीतून. आता घरं विकून लोक वसईला, मीरा रोडला, कुणी कॅनडाला गेले. लग्नं हॉलमध्ये. जाळी बसल्यापासून इथे पाण्याला कुणी आलं नव्हतं. आंटीने फोन फिरवले, तर पूर्वी पलीकडच्या घरात राहणाऱ्यांच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी वसईला लग्न होतं.

योगायोग, मी म्हटलं. सेन्सर बदलला. वायर बदलली. पुढचे शनिवार तिथेच ठाण मांडलं. दोन कोरडे गेले. तिसऱ्या शनिवारी आम्ही दोघी कठड्याशी चहा पीत बसलो होतो, लख्ख ऊन होतं, जाळीतून पाणी दिसत होतं. पाणी हललंसुद्धा नाही. फोनवर रेघ एक पायरी उतरली. मग दुसरी... पाचव्यानंतर मी वाकून बघितलं. वायरीच्याच फटीतून मी एक मोजपट्टी आत सोडून ठेवली होती. पाणी तीन सेंटिमीटर खाली गेलेलं! आंटी शांतपणे फोन लावत होती. तेही लग्नच निघालं, मीरा रोडला. पुढे लेंट लागला, म्हणजे त्यांचे उपासाचे दिवस. त्यात लग्नं होत नाहीत. त्या सगळ्या शनिवारी रेघ सपाट.

आंटी दर शनिवारी फोन घेऊन का बसायची हे मला लवकरच कळलं. तिचा एकुलता एक मुलगा मेल्विन. घर विकण्यावरून दोघांचं फाटलं, तो बंगळुरूला गेला आणि तीन वर्षं बोलत नव्हता. ती एकदाच म्हणाली, "तो नाही कळवणार मला. पण विहीर कळवील. मी जाईन मग, बोलवो न बोलवो. दारात उभी राहीन."

एप्रिलमध्ये ब्लॅक बुक, म्हणजे आमचा काळ्या पुठ्ठ्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट, घेऊन मी गाइडसरांकडे गेले. वर्षभरात या माणसाने माझ्या प्रोजेक्टला एकूण दहा मिनिटंही दिली नव्हती. त्या पायऱ्या मी "कारण अज्ञात" असं लिहून प्रामाणिकपणे ग्राफमध्ये ठेवल्या होत्या.

"हे काय आहे?"

"सर, रीडिंग आहेत. तीनदा तपासलीत."

"नॉइज आहे गं. काढून टाक. एक्स्टर्नल हसेल मला. स्मूथ ग्राफ आण, मग सही करतो."

"पण सर, ते खरं आहे."

"तुला खरं पाहिजे की पास व्हायचंय?"

मला पास व्हायचं होतं. सगळं कॉलेज रीडिंग शिजवतं, फर्स्ट इयरच्या पेंडुलमपासून शिजवतं. मी चार वर्षं त्यांना नावं ठेवली आणि शेवटी तेच केलं. प्रोग्रॅममध्ये एक फिल्टर टाकला, की अशी पायरी दिसली तर गाळून टाक. पेजही त्याच प्रोग्रॅमवर चालायचं, तेही गुळगुळीत झालं. आंटीला सांगायचं... सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे लाज वाटली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मी बाइंडिंगच्या दुकानात रांगेत उभी, घामाघूम. आंटीचा फोन आला. "पोरी, फोनवर रेघ सरळ दिसते. तुझ्याकडं पण सरळच ना? सकाळपासून जीव लागत नाही माझा."

मी पेज उघडून बघितलं आणि वैतागून म्हटलं, "सपाट आहे आंटी. काही नाहीये."

मंगळवारी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरच्या कॉलेजातून आलेले एक्स्टर्नल म्हातारे होते. त्यांनी ग्राफवर बोट ठेवलं. "विहीर आहे की गच्चीवरची टाकी? इतकं सरळ पाणी मी जन्मात पाहिलं नाही. रॉ डेटा दाखव."

मूळ रीडिंगची फाइल लॅपटॉपवर होती. उघडली. शेवटाकडे, गेल्या शनिवारी, पाच वाजून चार मिनिटांपासून पाच पायऱ्या.

"हे का गाळलं?"

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "नॉइज, सर. मी तिला नीट तपासायला सांगितलं होतं."

असा खोटारडा माणूस! माझ्या कानशिलात जाळ उठला.

"नॉइज मोजून पाचदा येत नाही," एक्स्टर्नल म्हणाले. "कुणीतरी पाणी काढलंय. हेच तर तुझ्या कामात बघण्यासारखं होतं, बाळा."

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या शनिवारी. मी तिथूनच आंटीला फोन केला आणि सगळं सांगितलं, फिल्टरसकट. तिने फोन ठेवला. तासाभराने तिचा फोन आला. गावठाणातल्या दुसऱ्या कुणाचंच लग्न नव्हतं. शेवटी वसईच्या नणंदेने रडत कबूल केलं. मेल्विनचं होतं. रविवारी दुपारी चार वाजता, बंगळुरूला, मुलीकडच्या चर्चमध्ये.

विमानतळ आंटीच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. रविवारी सकाळी निघाली असती तरी पोहोचली असती.

"तू सपाट म्हणालीस," एवढंच ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मला चांगले मार्क पडले. गुळगुळीत ग्राफचं ते ब्लॅक बुक सरांच्या सहीनिशी कॉलेजच्या लायब्ररीत आहे. ते पाणी कुठे जातं, कोण नेतं, मला माहीत नाही. सेन्सर बनवणाऱ्यांपासून भूगर्भवाल्यांपर्यंत सगळ्यांना विचारून झालंय. कुणाकडे उत्तर नाही. सरांना मी कधीच माफ करणार नाही. पण फिल्टरची ती ओळ सरांनी लिहिली नव्हती, मी लिहिली होती, माझ्या हाताने, माझ्या एकटीच्या प्रोजेक्टमध्ये.

फिल्टर मी त्याच दिवशी काढला. पेज अजून चालू आहे, पायऱ्या अजून येतात. दर शनिवारी पाच वाजता मी बघते. आंटीने तिच्या फोनवरून ते काढून टाकलंय.